दया आणि विद्या

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांचे वर्णन करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. वकिलीचा विद्यार्थी, स्थापत्याचा विद्यार्थी, वैद्यकाचा विद्यार्थी या सर्वांची जागरणे वाचकांनी कथा-कादंबऱ्यांतून अनेकवार वाचली असतील. परंतु गाई-म्हशींच्या व घोड्या-कुत्र्यांच्या वैद्यकाचा अभ्यास करणारा विद्यार्थीही परीक्षेस बसतो व त्याचीही झोप उडते, ही गोष्ट आमच्या लेखकवर्गाच्या फारशी ध्यानी आलेली दिसत नाही. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. ज्याचा रोगी मुका, त्याची कीर्ती सांगणार कोण? माणूस बरा झाला म्हणजे चार घरी जाऊन डॉक्टरांचे नाव घेतो. म्हैस बरी झाली म्हणजे मुकाट्याने वैरण खाऊ लागते.

आम्ही या विषयाकडे वळलो ते आमच्या पुतणीमुळे. आमचे थोरले बंधू गडहिंग्लजास हिरण्यकेशीच्या काठी शेती करतात. ऊस आहे, थोडी मिरची आहे; परंतु उसाचा पैसा वर्षाने येणार आणि मिरचीचा भाव दैवाधीन, तेव्हा घरचा रोजचा गाडा चालतो तो वहिनींच्या दोन म्हशींवर. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी हाती पडते. त्याच बिलावर आमच्या पुतणीचे शिक्षण झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बारावीनंतर ‘नीट’ची परीक्षा देऊन तिने परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला, तेव्हा पेढे घेऊन आम्ही आळीत हिंडलो. पेढा तोंडात टाकून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : “माणसांच्या डॉक्टरीला मार्क कमी पडले वाटतं?” मुलीने हसून मान डोलावली. पुढे तिने आम्हांस सांगितले की, यादीत तिने हीच विद्या पहिली मागितली होती; परंतु एवढे सांगत बसले असते तर लोकांच्या पेढ्याची गोडी गेली असती.

आमच्या भागातील माणसास परळ हे नाव नवीन नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष गिरण्यांच्या काळात परळ-लालबागेस जाऊन राहिले, खानावळीत जेवले आणि मनिऑर्डरीने गावची चूल पेटती ठेवीत आले. १९८२ च्या संपानंतर तो ओघ आटला. ज्या परळास आजे गिरणीच्या भोंग्यासाठी गेले, त्याच परळास नाती विद्येसाठी जात आहेत, हा काळाचा फेरा पाहण्यासारखा आहे. आणि परळ म्हणजे तरी काय? ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी ते एक. मधल्या खाड्या बुजल्या, बेटाचे बेटपण लोक विसरले. तथापि उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे जी दमट उष्णता साचते आणि अंगावरील सदरा दिवसभर वाळू देत नाही, ती आपण समुद्राने वेढलेल्या उष्ण कटिबंधातील एका बेटावर उभे आहोत याची आठवण करून देते.

या बेटावर पशुवैद्यकाची शाळा कशी आली, याची हकीकत मनोवेधक आहे. मुक्या प्राण्यांविषयीची दया मुंबईस नवीन नव्हती. भुलेश्वराकडचा पांजरपोळ सर जमशेटजी जीजीभाईंसारख्यांच्या पुढाकाराने १८३४ सालीच निघाला होता. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली. त्या वेळच्या मुंबईत माल वाहत होते ते बैल आणि घोडे. त्यांच्या मानेवरच्या जखमा आणि मोडलेले पाय रस्त्यावर सर्वांस दिसत. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने, परळास जनावरांसाठी रुग्णालय उभे राहिले. येथवर ही दयेची कथा झाली. परंतु १८८६ साली त्याच आवारात महाविद्यालय उघडले व जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले, तेव्हा दयेच्या शेजारी विद्या येऊन बसली. लंगडणाऱ्या बैलाची कीव करणे हे एक. त्याचा कोणता सांधा दुखतो हे ओळखणे हे दुसरे. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेच, आमच्या समजुतीप्रमाणे, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला साडेचार वर्षे अभ्यास करून आणि वर्षभर उमेदवारी करून तोडावयाचे असते.

आमच्याकडे ही विद्या परकी होती असे मात्र कोणी समजू नये. शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाशी आणि पालकाप्याचे नाव हस्त्यायुर्वेदाशी जोडलेले आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख आहे. परंतु राजाचे घोडे आणि हत्ती यांना वैद्य मिळाले, तसे कुळवाड्याच्या म्हशीस क्वचितच मिळाले असतील. तिचा वैद्य म्हणजे गावातील एखादा जाणता म्हातारा.

पुतणीच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी आठ-दहा दिवस काही कामानिमित्त आमचे मुंबईस जाणे झाले. वसतिगृहाच्या दाराशी ती भेटावयास आली तेव्हा क्षणभर आम्ही तिला ओळखले नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, हातात वह्यांचा भारा, आणि अंगाला औषधांचा व जनावरांचा असा मिश्र वास. पूर्वी या शिक्षणक्रमात सहामाही सत्रांची पद्धत होती. २०१६ च्या नियमांनी ती जाऊन वार्षिक परीक्षा आल्या, आणि शेवटचे वर्ष तर दीड वर्षांचे झाले. तेव्हा सहा महिन्यांत विसरून टाकण्याची जी सोय पूर्वीच्या विद्यार्थ्यांस होती, तीही गेली.

“काका, माणसांच्या डॉक्टरांना एकच प्राणी पाठ करावा लागतो,” ती म्हणाली, “आमच्याकडे सारी राणीची बाग!”

तिच्या वह्या चाळताना या बोलण्यात थट्टा किती थोडी आहे हे आमच्या ध्यानी आले. मानेचे मणके गाईला सात, घोड्याला सात, कुत्र्याला सात, एवढे एक सोपे; परंतु छातीचे मणके गाईला तेरा तर घोड्याला अठरा. गाईच्या पोटाचे कप्पे चार : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट, घोड्याचे पोट एकच. घोड्याला पित्ताशयच नसते. गर्भाचे दिवस गाईचे सुमारे २८०, म्हशीचे ३१०, घोडीचे ३४०, शेळीचे १५० आणि कुत्रीचे अवघे ६३. जी तापाची गोळी आपण घरोघरी निःशंकपणे घेतो, ती मांजराच्या जिवावर बेतते. आणि एका औषधाची गोष्ट तर आम्ही ऐकतच राहिलो. दुखणे थांबविणारे डायक्लोफिनॅक गाई-बैलांना देत. बैलाला त्याने आराम पडे. परंतु असे औषध अंगात असता जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. या एका औषधापायी आपल्या देशातील गिधाडे कोट्यवधींनी नाहीशी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. म्हणजे या विद्येत चूक केली तर ती गोठ्यात न थांबता आकाशापर्यंत पोहोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हांस रुग्णालयाच्या आवारात नेले. परीक्षा जवळ आली म्हणून रोग्यांची रीघ थांबत नाही. कुत्री होती, मांजरे होती, एक शेळी होती, एक पोपटही होता. शेळीच्या मालकिणीने आपली कर्मकथा सुरू केली. आमची पुतणी ती ऐकत होती, परंतु तिचे डोळे शेळीवर होते. कान कसे पडले आहेत, मान कोणीकडे वळते, पाय कोणता आखडला आहे, रवंथ चालू आहे की नाही, असे न्याहाळून मगच तिने हात लावला. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, “हात लावला की भितात, आणि भ्यायल्यावर खरं दाखवत नाहीत. म्हणून आधी लांबून पाहायचं.” जो रोगी बोलत नाही त्याचे ऐकण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटली. माणसांच्या व्यवहारातही ती वापरता आली तर किती भांडणे वाचतील!

तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बैल दोरीने खाली पाडून दाखवावा लागतो, हे ऐकून मात्र आम्हांस आमचे गडहिंग्लज आठवले. या दोरीच्या पद्धतीला पुस्तकात रूफ नावाच्या कोणा पाश्चात्याचे नाव आहे. मानेभोवती एक फास, छातीभोवती दुसरा वेढा, पोटाभोवती तिसरा, आणि मागून सावकाश ताण. एवढ्याने भला थोरला खिल्लार बैल आपणहून गुडघे टेकतो. पत्र्या मारण्यासाठी बैल आडवा करताना आमच्या बाजारातले नालबंद दोरीची अशीच करामत करीत आले आहेत. त्यांच्या दोरीला कोणाचे नाव नाही एवढेच. लहानपणी वडिलांचे बोट धरून ही मुलगी जनावरांच्या बाजारात जाई. तेथे दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवीत, आणि घेणारा बैलाचे ओठ वर करून दात पाही : दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले तर दुसा, चार आले तर चौसा. पुढे वय ओळखण्याचे हेच शास्त्र परीक्षकांनी तिला विचारले, तेव्हा उत्तर इंग्रजीत देताना मनात बाजारच उभा होता, असे ती सांगे. रोगांचेही तसेच. पुस्तकात त्यांची लांबलचक लॅटिन नावे. आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी घटसर्प, फऱ्या, तिवा, लाळ्या-खुरकूत. हे दोन कोश एकमेकांस जोडता आले नाहीत तर पदवी मिळूनही गोठ्यात उपयोग नाही, आणि आमच्या सीमेवरच्या गावात तर तिसरा कानडी कोशही जवळ ठेवावा लागतो.

आम्ही गडहिंग्लजास परतलो. कर्नाटकी बेंदूर होऊन चार दिवस झाले होते. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटत होता आणि पावसाने झड धरली होती. पुतणीची परीक्षा सुरू झाली होती. अशा एका रात्री वहिनींची चंद्री म्हैस अडली.

दिवेलागणीपासून तिला कळा येत होत्या. नऊ वाजले, दहा वाजले. म्हैस उठे, बसे, मागच्या पायाने पोटाकडे झटके मारी, आणि पुढे काहीच होत नसे. वीज गेलेली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ घोंगडे पांघरून आले. त्यांच्या हातून आळीतल्या निम्म्या म्हशी सुखरूप सुटल्या आहेत आणि त्यांचा शब्द सहसा कोणी मोडीत नाही. ते म्हणाले, “सकाळपातूर बघू. न्हाईच झालं तर दोरी लावून वडू.” दादा घुटमळले. वहिनी म्हणाल्या, “पोरीला विचारा.” दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता, म्हणून दादांचे मन होईना, शेवटी फोन आम्हीच लावला.

पहिल्याच घंटेला तिने फोन उचलला. जागीच होती. आम्हांस वाटले होते की ती घाबरेल. तिने एकामागून एक प्रश्न विचारले. कळा केव्हा सुरू झाल्या? पाणमोट दिसली का? ताप किती आहे? कपाटातले थर्मामीटर आणून पाहिले, १०१ भरला. अंगाबाहेर काहीच दिसत नाही ना? आम्ही कंदिलाच्या उजेडात पाहून सांगत गेलो. मग ती म्हणाली, “काका, मला पिशवीला पीळ पडल्याचा संशय येतो. पण मी अजून डॉक्टर नाही. मी संशय सांगते. निदान डॉक्टर हात घालून करतील. त्यांना आत्ताच बोलवा, सकाळची वाट पाहू नका. आणि तोवर कुणाला ओढू देऊ नका.”

म्हाताऱ्याबाबांस हे रुचले नाही. कालच्या पोरीने मुंबईत बसून आपल्या हातास दोष द्यावा, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले. तेव्हा तिने फोन त्यांच्याजवळ द्यावयास सांगितला. आम्ही आवाज मोठा केला. पुढचे बोलणे आम्हांस जसेच्या तसे आठवते.

“आजोबा, तुमच्या हातनं किती म्हशी सुटल्या ते मला ठावं हाय. पण पोत्याचं तोंड पिळून ठेवलं, तर आतला दाणा वडून बाहेर यील का?”

म्हातारेबाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “न्हाई यायचा. आदी पीळ काडाय पायजे.”

“तेवढंच डॉक्टर करतील. तुम्ही म्हशीच्या डोक्याशी बसा. तुम्ही बसलासा की ती गप ऱ्हाती.”

परीक्षकांपुढे तिने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले ते आम्ही ऐकले नाही. परंतु साडेचार वर्षांच्या अभ्यासाचे फळ आमच्या दृष्टीने त्या एका पोत्याच्या दृष्टान्तात होते. पुस्तकातील ज्ञान म्हाताऱ्याच्या भाषेत उतरले, आणि उतरताना त्याचा मानही राखला गेला.

डॉक्टर दुसऱ्या गावी अशाच एका कामात गुंतले होते. चिखलाचा रस्ता तुडवीत ते पोहोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यांनी हात घालून पाहिले. पीळ उजव्या बाजूचा होता. म्हशींत बहुधा तो तसाच असतो, असे त्यांनी सांगितले. चंद्रीला अंगणात आणून उजव्या कुशीवर पाडले. पोटावर आडवी लांब फळी ठेवली, तिच्या एका टोकावर एक माणूस उभा केला, आणि पाय बांधून म्हशीला सावकाश दुसऱ्या कुशीवर वळविले. म्हणजे फळीने आतली पिशवी जागच्या जागी दाबून धरावयाची आणि भोवतालचे शरीर फिरवावयाचे. एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, “सुटला!” पहाटे चारच्या सुमारास रेडी बाहेर आली. पूर्ण दिवसांची, ठसठशीत; परंतु तिच्यात जीव नव्हता. म्हैस वाचली.

आता घरात निराळाच प्रश्न उभा राहिला. सकाळी दहाला मुलीचा पेपर. तिला हे कळवावयाचे की नाही? वहिनी म्हणाल्या, पेपर होईपर्यंत सांगू नका. दादा म्हणाले, ज्याला डॉक्टर व्हावयाचे त्याला मरण ऐकता आलेच पाहिजे. दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटले. पण निर्णय आमच्या हाती राहिलाच नाही. साडेपाचला तिचा संदेश आला : “चंद्री उठली का?” म्हशीविषयी विचारले, रेडकाविषयी नाही, म्हणजे तिने जे ओळखावयाचे ते ओळखले होते. आम्ही खरे ते कळविले. उलट उत्तर आले : “वार पडली का? किती वाजता? दुपारपर्यंत पडली नाही तर डॉक्टरांना सांगा. तिला कोमट पाणी आणि गूळ द्या. मी पेपरला निघते.”

वहिनींनी ते वाचून घेतले आणि फोन आमच्या हाती देत त्या म्हणाल्या, “भावजी, पोरगी मुंबईत जाऊन कोरडी झाली.”

त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. वहिनींचे दुःख खरे होते. रात्रभर त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरविला होता, आणि रेडी पुरताना त्यांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. परंतु पुढे विचार करता आम्हांस असे दिसून आले की, त्या पहाटे गोठ्यात दया दोन रूपांनी वावरत होती. एक वहिनींच्या डोळ्यांत, आणि दुसरी त्या प्रश्नात : “वार पडली का?” गेलेल्या जिवासाठी रडणे ही दयाच, परंतु वाचलेल्या जिवावर पुढे कोणते संकट येणार आहे ते आधी पाहून त्याची तजवीज करणे, हीही दयाच, आणि ती मिळवावयास जागरणे पडतात. परीक्षा संपवून मुलगी घरी आली तेव्हा तिची एक वही सहज आमच्या हाती लागली. त्या रात्रीच्या तारखेखाली कळांची वेळ, ताप, पिळाची बाजू असे सर्व टिपलेले होते. शेवटच्या ओळीत लिहिले होते : “रेडी. पूर्ण दिवसांची.” त्याखालची अर्धी पाने कोरीच सोडून पुढचा मजकूर नव्या पानावर सुरू केला होता. ती वही आम्ही वहिनींच्या हाती दिली. त्यांनी पाहिली, मिटली, आणि पुढे ‘कोरडी’ हा शब्द काढला नाही.

विद्येवाचून दया किती असहाय असते याचा दाखला पाहिजे असेल तर बुळकांडीकडे पाहावे. आजच्या तरुणांस हे नाव ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच त्या विद्येचे यश आहे. शेकडो वर्षे हा रोग येई आणि दावणीच्या दावणी रिकाम्या करून जाई. माणसांनी नवस बोलले, गावाच्या वेशी बांधल्या, जनावरांच्या गळ्याशी पडून रडले. रोग हटला नाही. १८८९ साली पुण्यास सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली व ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरास गेली. तेथे एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळ्यांच्या साहाय्याने लस सिद्ध केली. पुढे प्लोराइट यांची अधिक निर्धोक लस आली. आणि गावोगावच्या पशुवैद्यांनी ती सुई खांद्यावरच्या पेटीतून दावणीपर्यंत नेली. आपल्या देशात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ साली झाली, आणि २०११ साली सर्व जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून निपटून काढलेला हा दुसराच रोग. देवी गेल्या तेव्हा जगाने उत्सव केला. बुळकांडी गेली त्याची वार्ता आमच्या आळीत आम्ही सांगितली तेव्हाच लोकांस कळली. २०२२ साली लम्पीची साथ आली, गाईंच्या अंगावर गाठी उठल्या, बाजार बंद झाले, तेव्हा मात्र रात्री-बेरात्री ज्याच्या दाराशी लोक गेले तो हाच ‘जनावरांचा डॉक्टर’ होता.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो आमच्या घरचाच नाही. ही विद्या शिकलेली मुले कोठे जातील? मुंबई-पुण्यास कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांना बरकत आहे. तेथे खोली थंड, उजेड स्वच्छ, आणि रोग्याचा मालक फी देताना घासाघीस करीत नाही. त्या व्यवसायास आम्ही नावे ठेवणार नाही. एकट्या म्हाताऱ्याचा कुत्रा हाही मुकाच, आणि त्याचा जीव वाचविणे हे लहान काम नव्हे. परंतु चंद्री म्हैस ही कोणाची करमणूक नाही. ती घराचे दूध आहे, दहा दिवसांचे बिल आहे, मुलीच्या वसतिगृहाचे भाडे आहे. तिच्यासाठी रात्री दोन वाजता चिखल तुडवीत यावे, अंगणात पावसात कोपरापर्यंत हात घालावा, आणि पहाटे मेलेले रेडकू बाहेर काढून मालकाच्या तोंडाकडे पाहावे, या कामाला मोबदला थोडा आणि मान त्याहून थोडा. आम्ही गावकरी पेढे खाताना मार्कांची चौकशी करणार, आणि पुन्हा म्हणणार की मुले गावाकडे फिरकत नाहीत! दया केवळ शिकलेल्यांनीच गावावर करावी असे कोठे लिहिले आहे? गावानेही या विद्येची काही बूज राखावयास नको काय? डॉक्टर वेळेवर यावा असे वाटत असेल तर त्याला वेळेवर बोलवावे, लसीच्या दिवशी जनावरे दावणीला हजर ठेवावीत, आणि निदान त्याचे पैसे उसाच्या बिलापर्यंत थकवू नयेत. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आमच्या पुतणीचा निकाल चांगला लागला. आता वर्षभराची उमेदवारी आहे. मग ती शहरात राहील, सरकारी दवाखान्यात जाईल, की गडहिंग्लजास येईल, हे तिने सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. चंद्री सावरली आहे व पुन्हा गाभण आहे. म्हातारेबाबा दर आठ दिवसांनी तिला पाहून जातात, बोटांवर महिने मोजतात, आणि जाताना दादांना म्हणतात, “दिस भरायच्या आदी पोरीला कळवून ठेव.” मार्कांविषयी अलीकडे आळीत कोणी विचारीत नाही.